दोन रुळांमधला हमाल

मूर्तिजापूर स्टेशनावर दोन मापांचे रूळ. मुंबई-नागपूर मार्गाचा रुंद, १६७६ मिलिमीटरचा. आणि यवतमाळ-अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतलेचा अरुंद, ७६२ मिलिमीटरचा. शकुंतलेने आणलेला कापूस मुंबईला धाडायचा, तर डबा एका रुळावरून दुसऱ्यावर ढकलता येत नसे. गाठी उचलायला मध्ये हमालच लागे.

श्रोतेहो, आज ज्या पदार्थांविषयी मला बोलायचे आहे, त्यांच्या पोटातही असेच दोन रूळ असतात. एक विजेचा, दुसरा चुंबकत्वाचा. शास्त्रज्ञ त्यांना मल्टिफेरॉइक म्हणतात.

आधी स्वयंपाकघरात जाऊ. गॅसचा लायटर खटकन दाबला की ठिणगी पडते. आत बॅटरी नसते. लेड झिर्कोनेट टायटनेट नावाच्या सिरॅमिकच्या तुकड्यावर छोटी हातोडी आदळते, तुकडा किंचित दबतो आणि हजारो व्होल्ट तयार होतात. हा पदार्थ पेरोव्हस्काईट घराण्यातला. १८३९ मध्ये गुस्टाव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने उरल पर्वतातल्या एका खनिजाला लेव्ह पेरोव्हस्की या रशियन सरदाराचे नाव दिले. पुढे तेच साऱ्या घराण्याचे आडनाव झाले.

चुंबकाचेही तसेच आहे. लोखंडाची कांब चुंबकित केली की तिची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूल यांनी १८४२ मध्ये दाखवले. आपल्या गावातली डी.पी. गुणगुणते ती मुख्यतः याच कारणाने. म्हणजे आकाराचे नाते विजेशीही आहे आणि चुंबकत्वाशीही. दोघांमधला हमाल तो हाच! १९७२ मध्ये फिलिप्स प्रयोगशाळेतल्या व्हॅन सुख्तेलेन यांनी हा हमाल मुद्दाम कामाला लावण्याची कल्पना मांडली: चुंबकाने आकार बदलणारा पदार्थ आणि दाबाने वीज देणारा पदार्थ एकमेकांना घट्ट चिकटवायचे.

पण एकाच पदार्थात दोन्ही गुण असतील तर? पिअर क्यूरी यांनी विजेच्या आणि चुंबकाच्या अशा नात्याची शक्यता १८९४ मध्येच बोलून दाखवली होती. तरी असे पदार्थ फार थोडे सापडले. याचे कारण निकोला स्पाल्डिन यांनी २००० मध्ये नीट मांडले. पेरोव्हस्काईटच्या मधल्या अणूच्या एका कक्षेत चुंबकत्वासाठी इलेक्ट्रॉन हवेत, तर विजेच्या गुणासाठी तीच कक्षा सहसा रिकामी लागते. बिस्मथ फेराईटने मात्र यातून वाट काढली आहे. त्यात विजेचे काम बिस्मथ करतो, चुंबकत्वाचे लोखंड. शिवाय चुंबकी शिस्त सुमारे ३७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि विजेची त्याच्याही बरीच वर, म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या मे महिन्यालाही भिण्याचे कारण नाही.

मार्च २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या पदार्थाच्या पातळ थरावर एक लेख आला. चौदा लेखकांमध्ये दोन नावे आपली वाटावीत अशी: पुणे विद्यापीठात शिकवलेले सतीशचंद्र ओगले आणि मुंबईच्या आयआयटीतून पुढे बंगळुरूला संशोधन करणारे उमेश वाघमारे. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या पायावर वाढवलेल्या या थरात विजेचा गुण जुन्या स्फटिकांच्या जवळजवळ दहापट आढळला. चुंबकत्वही वाढलेले दिसले. पायामुळे थर आवळला जातो, त्या ताणाचा हा परिणाम, असे तेव्हा वाटले. जगभर या विषयाला एकदम उधाण आले.

मग २००५ मध्ये, त्याच नियतकालिकात, केंब्रिजच्या संशोधकांनी आक्षेप घेतला: वाढलेले चुंबकत्व आमच्या थरांत दिसत नाही. त्याच वर्षी वाघमारे, स्पाल्डिन आणि आणखी तिघांचे गणित प्रसिद्ध झाले. विजेचा तो मोठा आकडा पदार्थाचा अंगभूतच असल्याचे त्यातून निघाले. २००७ मध्ये फ्रान्समध्ये अस्सल, शुद्ध स्फटिक वाढवले गेले आणि कुठलाही ताण नसताना मोठा आकडा त्यांतही मिळाला. उणीव होती ती जुन्या स्फटिकांत. मला स्वतःला २००३ च्या गाजलेल्या लेखापेक्षा २००५ चे ते गणित अधिक मोलाचे वाटते. आपल्याच लेखातले स्पष्टीकरण पुन्हा तपासायला बसणारे लेखक रोज भेटत नाहीत.

हमाल बिनकामाचा ठरला, असे मात्र नाही. २००९ मध्ये बर्कलीच्या गटाने तोच थर लँथॅनम ॲल्युमिनेटच्या पायावर वाढवला. हा पाया थराला कितीतरी जास्त आवळतो. तेव्हा स्फटिकाची ठेवणच बदलली, तीही रसायनात काही न मिसळता.