नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ आणि दोन झाडे

कर्करोगावरील ज्या औषधांची नावे आज हायफापासून न्यूयॉर्कपर्यंतच्या इस्पितळांत रोज घेतली जातात, त्यांपैकी काही प्रमुख औषधांचे मूळ शोधून काढणाऱ्या दोघांपैकी एक गृहस्थ आपल्या महाराष्ट्रात जन्मलेले होते, ही गोष्ट आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असेल. डॉ. मनसुख वाणी हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १९२५ साली खानदेशात नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पदव्या घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९६२ साली इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. त्याच वर्षी उत्तर कॅरोलिना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत ते डॉ. मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. त्या वेळी त्यांचे वय ३७ होते. परक्या मुलखात, त्या वयात, नव्याने पाय रोवणे म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

परंतु ही हकीकत आम्ही केवळ अभिमानापोटी सांगत नाही. औषध झाडात असते असे आपण सहज म्हणून जातो. ते झाडातून माणसाच्या हाती येण्यास किती वर्षे लागली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या हकीकतीवरून कळते.

१९६० च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तेथील कृषिखात्याच्या साह्याने एक प्रचंड काम हाती घेतले. जगभरच्या वनस्पती गोळा करावयाच्या, त्यांचे अर्क काढावयाचे आणि कर्करोगाच्या पेशींवर व उंदरांवर ते तपासून पाहावयाचे. १९८१ पर्यंत सुमारे ३५ हजार जातींच्या वनस्पती अशा तपासल्या गेल्या. ज्या थोड्या अर्कांत गुण दिसे, ते वॉल आणि वाणी यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांकडे येत.

आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात. घाण्यात तीळ घातले की तेल निघणार आणि मागे पेंड राहणार, हे तेल्याला आधीच माहीत असते. वॉल आणि वाणी यांच्या घाण्यातून काय निघणार हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. अर्काचे भाग पाडावयाचे, प्रत्येक भाग तपासावयास पाठवावयाचा, ज्यात गुण आढळेल तो ठेवून बाकीचे टाकून द्यावयाचे, आणि उरलेल्याचे पुन्हा भाग पाडावयाचे. शेवटी एकच शुद्ध पदार्थ हाती येईपर्यंत महिनेच्या महिने हे चाले.

त्यांचे पहिले यश एका चिनी झाडातून आले. चिनी लोक त्याला सुखवृक्ष म्हणतात. त्यातून त्यांनी कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. दुसरे यश अमेरिकेतल्याच झाडाचे. वॉशिंग्टन राज्यातील जंगलात १९६२ साली आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली होती. लाकूडतोडे या झाडाला कवडीमोल समजत आणि तोडीनंतरच्या कचऱ्याबरोबर जाळून टाकीत. वॉल आणि वाणी यांना सुमारे १२ किलो मालातून जेमतेम अर्धा ग्रॅम द्रव्य मिळाले. त्याला टॅक्सॉल असे नाव दिले गेले आणि त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. त्या निबंधावर पहिले नाव वाणी यांचे आहे.

येथे काम संपले असे कोणासही वाटेल. खरी कसोटी येथून पुढेच लागली. कॅम्प्टोथेसिन रोग्यांना देऊन पाहिले तेव्हा त्याचे दुष्परिणाम इतके तीव्र निघाले की, १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते प्रयोग थांबवावे लागले. टॅक्सॉल पाण्यात विरघळत नव्हते आणि मिळतही नव्हते, त्यामुळे तेही बाजूस पडले. पुढे १९७९ साली न्यूयॉर्क येथे, येशिवा विद्यापीठाने १९५५ साली सुरू केलेल्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात, सुझन हॉर्विट्झ यांनी टॅक्सॉलचे मर्म उलगडले. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म तंतू बनतात आणि काम झाले की विरघळतात. टॅक्सॉल ते विरघळूच देत नाही, म्हणून पेशी अडकून पडते आणि मरते. ही तऱ्हा अगदी नवी होती, आणि मग पुन्हा उत्साह आला. १९८५ साली कॅम्प्टोथेसिनचेही मर्म कळले.

टॅक्सॉलला अंडाशयाच्या कर्करोगासाठी १९९२ साली आणि स्तनाच्या कर्करोगासाठी १९९४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. कॅम्प्टोथेसिनपासून बनविलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे १९९६ साली बाजारात आली. म्हणजे साल सोलल्यापासून सुई टोचेपर्यंत तीस वर्षे लोटली.

आता किमतीकडे वळू. यू झाड अतिशय सावकाश वाढते. शंभर वर्षांच्या झाडाची साल सुमारे तीन किलो भरते, आणि तिच्यातून औषध निघते ते जेमतेम एका मात्रेपुरते. साल सोलली की झाड मरते. एका रोग्यासाठी कित्येक झाडे! एकीकडे आजारी आई-बहिणी, दुसरीकडे जुने अरण्य, असा पेच अमेरिकेत उभा राहिला, आणि १९९२ साली या झाडासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सुटका झाली ती रसायनशास्त्रामुळेच. फ्रान्समध्ये प्येर पोतिए आणि फ्लॉरिडात रॉबर्ट होल्टन यांनी दुसऱ्या जातीच्या यू झाडाच्या पानांतील द्रव्यापासून हे औषध बनविण्याची रीत काढली. पाने खुडली तर झाड मरत नाही.

याच सुमारास एका बुरशीनेही आशा दाखविली. १९९३ साली मोन्टाना राज्यातील यू झाडाच्या आत राहणारी एक बुरशी अँड्रिया स्टिअर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडली, आणि तीही टॅक्सॉल बनविते असे त्यांनी जाहीर केले. झाडाला हात न लावता पिंपात औषध पिकविता येईल असे तेव्हा पुष्कळांना वाटले. परंतु तिच्यातून मिळणारे प्रमाण अगदीच नगण्य होते, आणि पुढे इतर शास्त्रज्ञांनी अशा बुरशींविषयी शंकाही काढल्या.

आता आपल्या डोंगरांकडे या. वाणी यांनी चिनी झाडात शोधलेले तेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतील एका झाडातही आहे. १९७२ साली मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते दाखवून दिले. या झाडाचे मराठी नाव नरक्या. त्याच्या उग्र दुर्गंधीमुळे हे नाव पडले. घाटमाथ्यावर कोणी ढुंकून न पाहणारे हे झाड, पण औषधाला मागणी येताच कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत त्याची चोरटी तोड सुरू झाली. तोडणाऱ्याच्या हाती चार पैसे पडले, आणि जंगलातून झाड गेले. नरक्यात राहणारी एक बुरशीही हे द्रव्य बनविते असे भारतीय शास्त्रज्ञांनी २००५ साली जाहीर केले, पण तेवढ्याने तोड थांबली नाही.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. गावाकडून कोणी या झाडाची साल पाठविली, तर तिचा काढा करून पिऊ नये. ज्या द्रव्याने प्रयोगशाळेतील डॉक्टरांनाही माघार घ्यावयास लावली, ते घरच्या चुलीवर आटोक्यात येणार नाही.

डॉ. वॉल २००२ साली आणि डॉ. वाणी २०२० साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, निवर्तले. टॅक्सॉलची विक्री २००० साली दीड अब्ज डॉलरांच्या वर गेली होती, पण त्या द्रव्याचे पेटंट या दोघांकडे नव्हते. त्यांनी ते निबंधात छापून जगाला देऊन टाकले होते. आपल्या घरांतून कोणास हे औषध मिळाले असेल, कोणास उद्या मिळेल. बाटलीवर वाणींचे नाव नसते, यूचे नसते, नरक्याचेही नसते. मुलाबाळांना ही तिन्ही नावे सांगणे तेवढे आपल्या हाती आहे.