नदीकाठच्या गावठाणातला छोटा फ्लॅट : शिरोळ तालुक्याच्या संदर्भात

शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचे पाणी येते. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड. या गावांच्या जुन्या गावठाणांत पडक्या वाड्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. त्यातला छोटा फ्लॅट कुणी निवृत्तीनंतर राहायला घेतो, तर कुणी दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला दर्शनाला यायचे म्हणून घेतो. खरेदीदार सहसा आधी खोल्या बघतो, मग कागद, आणि पाण्याची चौकशी जमलीच तर शेवटी करतो. या तालुक्यात हा क्रम नेमका उलटा असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जलसंपदा विभाग नदीकाठावर दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. '२५ वर्षांतून एकदा' हे ऐकायला दिलासा देणारे वाटते, पण हिशेब करून पाहावा. दरवर्षीची शक्यता शेकडा ४ धरली, तर २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते आणि ३० वर्षांत ती ७० टक्क्यांवर जाते. लाल रेषेसाठीही २० वर्षांत ती १८ टक्के आहे. म्हणजे निळ्या रेषेच्या आत घर घेणाऱ्याने कर्ज फिटायच्या आत एकदा तरी पूर येणार, असेच धरून चालावे. आणि हे गणित जुन्या नोंदींवर उभे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या भागाने १६ वर्षांच्या अंतरात पाहिले. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांपुढे गेले होते.

शिरोळची अडचण नुसत्या उंचीची नाही, मुक्कामाचीही आहे. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला संगमावर वाट मिळत नाही, पाणी मागे तुंबते आणि फुगवटा येतो. जमिनीला उतार कमी, म्हणून पाणी उतरायलाही दिवस लागतात. यात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाटा किती, यावर वाद आहे आणि तो चालू राहील. घर घेणाऱ्याने मात्र पाणी थांबते हे गृहीतच धरावे. तासाभरात ओसरलेले पाणी फरशी खराब करते. आठ दिवस थांबलेले पाणी भिंतीत मुरते, पुढे कित्येक महिने खार फुटतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. पाया काळ्या मातीत असेल तर ती भिजून फुगते, वाळून आकसते आणि चौकटींच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. पाहायला गेल्यावर जिन्याखालची आणि मागच्या बोळातली भिंत हात लावून तपासावी. दर्शनी भिंतीला नवा रंग असतोच.

वरच्या मजल्यावर असल्याने आपण सुटलो, हा मोठा गैरसमज आहे. विजेचे मीटर कुठे आहेत? तळमजल्यावर पार्किंगमध्ये. पाण्याची जमिनीखालची टाकी, मोटर, सेप्टिक टँक, सगळे खालीच. खाली पाणी आले की तिसऱ्या मजल्यावर वीजही नाही, प्यायला पाणीही नाही, आणि रस्ता बंद. म्हणून मजल्याच्या आधी मीटरची उंची विचारावी, आणि गावाबाहेर पडायचा कोणता रस्ता सर्वांत शेवटी बुडतो हे शेजाऱ्यांना विचारावे. २०१९ चे पाणी कुठवर आले होते, हे प्रत्येक गल्लीत कुणीतरी भिंतीवर बोट ठेवून सांगेल.

डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध आहे. तिथे जुन्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास अटींवर होऊ शकतो. निळ्या आणि लाल रेषेमधल्या बांधकामाचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवे. त्यामुळे मंजूर नकाशात जोत्याची पातळी शोधावी आणि प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावी.

ॲम्स्टरडॅमच्या सतराव्या शतकातल्या कालव्याकाठी घर घेणारा लाकडी खांबांच्या पायाची चौकशी करतो, कारण तिथे पाण्याची पातळी दारे लावून राखलेली असते आणि ती खाली गेली तर खांब कुजू लागतात. आपल्याकडे भीती पाणी चढण्याची. दोन्हीकडे तपासणी पायापासूनच सुरू होते.

आता कागद. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा ८ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प रेरात नोंदवणे बंधनकारक नाही. गावठाणातले प्लॉट लहान, त्यामुळे तिथल्या बहुतेक इमारती या सवलतीत बसतात आणि महारेराच्या संकेतस्थळावर सापडत नाहीत. मग आधार उरतो तो १९६३ च्या मोफा कायद्याचा : २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी बिल्डरने नोंदणीकृत करार करून दिला पाहिजे. नुसत्या विसारपावतीवर मोठी रक्कम देऊ नये. मिळकत पत्रिकेवर सगळ्या वारसांची नावे आहेत का, बहिणींची हक्कसोडपत्रे झाली आहेत का, जमीन देवस्थान इनामाची तर नाही, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. नृसिंहवाडीसारख्या देवस्थानाच्या गावात शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर घोषणापत्रात आपला जमिनीतला अविभक्त हिस्सा किती टक्के आहे ते वाचावे. भिंती जुन्या झाल्या की शेवटी किंमत त्या टक्क्यालाच उरते.

विम्याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते आणि तिच्यात पूर समाविष्ट आहे. पण आपल्या पॉलिसीत फक्त आपला फ्लॅट येतो. सामाईक मोटर, मीटर आणि टाकीसाठी सगळ्या सदनिकाधारकांना मिळून वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि ती घेतली आहे का हे व्यवहार ठरण्याआधीच विचारून घ्यावे.