न मागितलेली माफी

कल्याण सोडले की रेल्वेचे दोन रस्ते होतात. एक कसारा-इगतपुरीचा घाट चढून देवळाली-नाशिककडे जातो. दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने मागे टाकीत कर्जतमार्गे पुण्याला जातो. आम्ही विठ्ठलवाडीची माणसे या दुसऱ्या रस्त्यावरची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच रुळांवरून, वडिलांशी खटका उडालेला एक पठाण तरुण कुणालाही न सांगता पुण्याला गेला. तेव्हा इथे उल्हासनगर नव्हते. युद्धकाळात उभा राहिलेला कल्याणचा लष्करी कॅम्प, फाळणीनंतर त्याच बराकींत आलेले सिंधी निर्वासित आणि ८ ऑगस्ट १९४९ ला मिळालेले ‘उल्हासनगर’ हे नाव, ही सगळी पुढची गोष्ट.

त्या तरुणाचे नाव युसूफ खान. बालपणाचा काही काळ त्याने पहिल्या रस्त्यावरच्या देवळालीत काढला होता, तिथल्या बार्न्स शाळेत तो शिकला होता. वडील गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी. बाप-लेकात शब्दाने शब्द वाढला. मुलाने उलट उत्तर दिले नाही, माफीही मागितली नाही; तो सरळ घराबाहेर पडला. पुण्याच्या लष्करी क्लबच्या कँटीनमध्ये त्याने नोकरी धरली, सँडविचचा स्टॉल चालवला आणि हातात पाच हजार रुपये जमल्यावरच तो मुंबईला परतला. १९४४ मध्ये ‘ज्वार भाटा’ या चित्रपटातून तो ‘दिलीपकुमार’ म्हणून लोकांसमोर आला.

पुण्याचा हा प्रसंग मी मुद्दाम आधी सांगितला. दुखावले की बोलायचे नाही, निघून जायचे आणि आपली बाजू आपल्या कर्तबगारीने सिद्ध करायची, हा त्या माणसाचा स्वभाव होता. दहा-पंधरा वर्षांनी याच स्वभावाची गाठ तितक्याच मानी घराशी पडली.

ते घरही पठाणाचेच. अताउल्ला खान पेशावरच्या तंबाखू कंपनीतली नोकरी गेल्यावर दिल्लीला आणि तिथून मुंबईला आले. मुलेबाळे पुष्कळ, मिळकत नाही. त्यांची मुलगी मुमताज जहाँ, जन्म १४ फेब्रुवारी १९३३, वयाच्या नवव्या वर्षी ‘बसंत’ (१९४२) मध्ये बालकलाकार म्हणून उभी राहिली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई बंदरात स्फोट झाला, त्यात या कुटुंबाचे राहते घर गेले. सगळे सिनेमाला गेले होते म्हणून वाचले, असे सांगितले जाते. त्यानंतर घर चालले ते या मुलीच्या कमाईवर. ‘नीलकमल’ (१९४७) मध्ये ती नायिका झाली आणि ‘महल’ने (१९४९) ‘मधुबाला’ हे नाव घरोघर पोचवले. तिचे करार वडील ठरवीत, सेटवर वडील येत, तिने कुठे जायचे आणि कुठे नाही हेही वडील सांगत.

‘तराना’च्या (१९५१) वेळी युसूफ आणि मुमताज जवळ आले. पुढे ‘संगदिल’ (१९५२), ‘अमर’ (१९५४) आणि ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) अशा चारच चित्रपटांत ते एकत्र दिसले. लग्न होणार अशी सर्वांची खात्री होती. ते झाले नाही. का झाले नाही, यावर आमच्या घरात अजूनही दोन पक्ष आहेत. नानीचे म्हणणे असे, “एक शब्द बोलला असता तर काय जीभ झिजली असती?” मामूंचे ठरलेले उत्तर, “चूक नसेल तर माफी कशाची?” लहानपणी मला हे सिनेमाच्या गप्पांसारखे वाटे. पुढे इतिहास वाचू लागल्यावर लक्षात आले की दोघांनीही नेमक्या जागी बोट ठेवले होते.

घडले ते असे. बी. आर. चोप्रा यांनी ‘नया दौर’साठी या दोघांना घेतले. मुंबईतले थोडे चित्रीकरण झाले. पुढचे काम भोपाळच्या परिसरात, बाहेरगावी व्हायचे होते. अताउल्ला खान यांनी मुलीला पाठवायला नकार दिला. तिच्या सुरक्षिततेचे कारण त्यांनी पुढे केले. युसूफपासून तिला दूर ठेवण्यासाठी हे चालले आहे, असे दुसऱ्या बाजूचे मत. चोप्रांनी तिच्या जागी वैजयंतीमालाला घेतले. मग वर्तमानपत्रांत जाहिरातींची लढाई झाली. चोप्रांच्या जाहिरातीत मधुबालाचे नाव काट मारून छापले गेले. अताउल्ला खान यांनीही उत्तरादाखल मुलीच्या चित्रपटांची यादी छापली आणि तीत ‘नया दौर’वर काट मारली. प्रकरण मुंबईच्या न्यायालयात गेले. युसूफ साक्षीला उभा राहिला आणि त्याची साक्ष चोप्रांच्या बाजूने गेली. त्याच साक्षीत त्याने मधुबालावरचे आपले प्रेमही उघड मान्य केले, असे तेव्हापासून सांगितले जाते. चित्रपट १९५७ मध्ये पडद्यावर आला आणि खूप चालला. पुढे चोप्रांनी खटला मागे घेतला.

म्हणजे जे दोघांनी एकमेकांना सांगायचे ते भर न्यायालयात सांगितले गेले. आणि जिला सांगायचे तिच्या घराची अब्रू त्याच खोलीत पणाला लागलेली होती.

इथे युसूफची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. साक्ष द्यायची तर ती खरी द्यावी, मग ती स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असली तरी, ही कुरआनची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. करार मोडला गेला असे त्याला वाटत असेल, तर त्याने काय सांगायला हवे होते? प्रेयसीच्या बापाला वाचवण्यासाठी खोटे बोलायला हवे होते, असे नानीसुद्धा म्हणणार नाही. मामूंचा मुद्दा इथपर्यंत बिनतोड आहे.

पण खरे बोलणे संपले की माणसाचे काम संपते का? साक्षीनंतर काय झाले, हे दोन ठिकाणांहून कळते. मधुबालाच्या धाकट्या बहिणीने अनेक वर्षांनी मुलाखतींत जे सांगितले त्याचा सारांश असा : युसूफचे म्हणणे होते की वडिलांना सोडून ये, मी लग्नाला तयार आहे. मुमताजचे म्हणणे होते की मी येते, पण एकदा घरी येऊन अब्बांना माफ करा म्हण आणि त्यांना मिठी मार. फोनवर हे बोलणे बरेच दिवस चालले. दोघेही आपापल्या वाक्यावरून हलले नाहीत.

दुसरी बाजू खुद्द दिलीपकुमारची. त्याचे आत्मचरित्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तो नव्वदी ओलांडलेला होता. त्यात त्याने लिहिले की अताउल्ला खान यांचा लग्नाला विरोध नव्हता. उलट हे लग्न म्हणजे एक व्यवसाय व्हावा, दोघांनी त्यांच्या चित्रसंस्थेसाठी काम करावे, असा त्यांचा विचार होता आणि तो आपल्याला मान्य नव्हता. आपल्या कामाचे निर्णय आपणच घ्यायचे, हा त्याचा हट्ट होता. वडिलांचे घर सोडून पुण्याला गेलेला मुलगा इथे पुन्हा दिसतो.

इतिहास लिहिणाऱ्याने या दोन बाजूंचे काय करावे? एक साक्ष बहिणीची, म्हणजे घराची लाज राखणारी. दुसरी प्रियकराची, तीही ती गेल्यावर पंचेचाळीस वर्षांनी लिहिलेली. मधुबालाने स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही. न्यायालयात तिच्याविषयी बोलले गेले, जाहिरातींत तिच्या नावावर काट मारली गेली. तिचे स्वतःचे म्हणणे मात्र आपल्याला नेहमी दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागते. म्हणून लोकांनी तिला बापाच्या मुठीतली गरीब गाय ठरवून टाकले.

मला ते पटत नाही. बहिणीचे सांगणे खरे धरले, तर माफीची अट तिची होती. ती बापाची आज्ञाधारक मुलगी होती यात शंका नाही, पण ही अट नुसत्या आज्ञाधारकपणातून येत नाही. नऊ वर्षांची असल्यापासून ज्या घराला तिने आपल्या कमाईवर उभे केले, त्या घराचा चारचौघांत अपमान झाला होता. ज्या माणसाच्या साक्षीने तो झाला त्याच्याच घरात, बापाकडे पाठ फिरवून, नववधू म्हणून जायचे तिने नाकारले. हा तिचा स्वाभिमान होता. शिवाय तिच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते. १९५४ मध्ये मद्रासला चित्रीकरण चालू असताना तिला रक्ताची उलटी झाली होती. आपल्याजवळ आयुष्य थोडे आहे याची चाहूल लागलेल्या बाईने तरीही अट सोडली नाही. तिला मानी म्हणायचे नाही तर कुणाला?

आपल्याजवळ या भावनेसाठी शब्द भरपूर आहेत. मराठीत स्वाभिमान, अभिमान, ताठा, अहंकार. उर्दूत खुद्दारी, अना, गुरूर. खुद्दारी कुठे संपते आणि अना कुठे सुरू होते, हे बाहेरून सांगणे सोपे असते. ज्याच्या छातीत ती असते त्याला दोन्ही सारख्याच वाटतात. युसूफला आपली खुद्दारी वाटली, मुमताजला आपली. दोघेही खोटे नव्हते. म्हणून तर ही गोष्ट सुटली नाही. एक जण सरळसरळ चुकीचा असता तर कदाचित सुटली असती.

मग अबोला आला. मराठीत या गोष्टीसाठी स्वतंत्र शब्द आहे, तो फार नेमका आहे. अबोला नुसता होत नाही, तो धरावा लागतो. आणि धरलेली गोष्ट सोडायला कुणीतरी आधी हात उघडावा लागतो.

याच अबोल्यात के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ चालू होता. मोरपिसासारखे नाजूक पीस सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून फिरवतो आणि पार्श्वभूमीला बडे गुलाम अली खाँ साहेबांचा आवाज येतो, तो प्रसंग सर्वांना आठवत असेल. हिंदी पडद्यावर प्रेम याहून तरलपणे क्वचितच दिसले असेल. त्याच प्रसंगाबद्दल दिलीपकुमारने आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे की तो चित्रित झाला तेव्हा दोघांमध्ये दुआसलामसुद्धा उरली नव्हती. अनारकलीच्या अंगावरच्या बेड्या खऱ्या लोखंडाच्या, जड होत्या. आजारी मुमताजने त्या वागवल्या. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटले की दोघे आपापल्या दिशेला जात. ५ ऑगस्ट १९६० ला मुंबईच्या मराठा मंदिरात चित्रपट लागला. लोकांनी ज्याला अभिनय समजून टाळ्या दिल्या, त्यातला किती अभिनय होता आणि किती न बोललेले बोलणे होते, हे कोण सांगणार?

‘सलामसुद्धा उरला नव्हता’ या ठिकाणी मी दर वेळी थांबतो. हदीसमध्ये सांगितले आहे की मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांपेक्षा अधिक अबोला धरू नये; दोघे समोरासमोर येतात आणि तोंड फिरवतात, त्यांच्यात जो आधी सलाम करतो तो चांगला. ही शिकवण केवढी व्यवहारी आहे! कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा आधी करा असे तिथे म्हटलेले नाही. सलाम आधी करायला सांगितले आहे. रागाला तीन दिवसांची मुदत दिली आहे, कारण राग येतोच. मामूंच्या प्रश्नाला उत्तर असेल तर ते इथे आहे. माफी म्हणजे दर वेळी गुन्ह्याची कबुली नसते. कधीकधी ती फक्त दाराची कडी काढणे असते. आणि ही शिकवण अताउल्ला खान यांनाही तितकीच लागू होती. वयाने मोठे तेच होते. त्यांनी हाक मारली असती तरी चालले असते.

१९६० मध्ये मधुबालाने किशोरकुमारशी लग्न केले. ११ ऑक्टोबर १९६६ ला दिलीपकुमारचे सायरा बानूशी लग्न झाले आणि तो संसार अखेरपर्यंत टिकला. आजारपणात मधुबालाने एकदा निरोप पाठवला, तेव्हा पत्नीला सांगून, तिच्या संमतीने तो भेटायला गेला. शहजाद्याला त्याची शहजादी मिळाली याचा तिने आनंद व्यक्त केला, अशी आठवण त्याने सांगितली आहे. म्हणजे अबोला सुटला, पण जे व्हायचे ते होऊन गेल्यावर. २३ फेब्रुवारी १९६९ ला ती गेली. वय अवघे छत्तीस. तो त्या वेळी मद्रासला होता. परत येईपर्यंत दफन झाले होते आणि तो थेट कबरीवर गेला, असे तिच्या बहिणीने सांगितले आहे.

तिची कबर जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात होती. संगमरवराची, सुबक. मुंबईत जिवंत माणसांना जागा नाही तशी मेलेल्यांनाही नाही. २०१० मध्ये नव्या दफनांसाठी जागा करताना अनेक जुन्या कबरी काढल्या गेल्या, त्यांत तिचीही गेली. आता तिथे तिच्या नावाची खूण नाही. ७ जुलै २०२१ ला, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, दिलीपकुमारचे निधन झाले. शासकीय इतमामात त्याला दफन केले गेले तेही त्याच कब्रस्तानात.

आपण कब्रस्तानाच्या फाटकातून आत शिरताना तिथल्या सगळ्यांना सलाम करतो. कुणाचे कुणाशी पटत होते, कोण कुणाला काय लागत होते, हे तिथे विचारत नाही. नानी आता थकली आहे. परवा हा सगळा तपशील मी तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तुझ्या मामूला फोन लाव. दोन महिने झाले, आमचं बोलणं नाही.”