राजाचा हात आणि झरपटीचे पाणी

मंडळी, तीन-चारशे वर्षांमागे युरोपात एक समजूत होती. गंडमाळेच्या रोग्याला राजाने नुसता हात लावला की रोगी बरा होतो! राजवाड्यांपुढे रोग्यांची रीघ लागे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने (१६६०–१६८५) सुमारे ९०,००० लोकांना असा हात लावला म्हणतात.

या समजुतीमागे मोठे राजकारण होते. राजाला देवाने नेमले. म्हणून त्याने जाब द्यायचा तो देवाला, रयतेला नाही. पहिल्या जेम्सने १६१० साली पार्लमेंटला हेच ऐकवले. त्याचा मुलगा पहिला चार्ल्स याने तर ११ वर्षे पार्लमेंट भरूच दिले नाही. पुढे यादवी माजली आणि ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. फ्रान्सच्या सोळाव्या लुईची तीच गत १७९३ साली झाली.

आता आपल्या चांद्याकडे या. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याची कथा तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्या अंगावर खांडुके होती. शिकारीत तहान लागली तेव्हा झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी तो प्याला, हातपाय धुतले आणि बरा झाला. तिथेच अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, असे सांगतात.

कथा ती कथाच. पण फरक ध्यानात घ्या. तिकडे रोगी रयत, आणि गुण राजाच्या हातात. इकडे रोगी खुद्द राजा, आणि गुण नदीच्या पाण्यात!

म्हणून चांद्याचे राजे रयतेच्या मुठीत होते असे नव्हे. तेही राजेच; त्यांना जाब विचारणारी सभा इथेही नव्हती. पण या जंगलमुलखात माणूस टिकला नाही तर राज्य कुणावर करायचे? हिरशहाने जंगल मोडून शेत करणाऱ्याला सनद दिली. तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन दिली. तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरातला तुकूम भाग ते नाव अजून सांगतो.

१७५१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला; गोंडांचे राज्य गेले. पण जुन्या तळ्यांच्या पाण्यावर धान पिकतच राहिला.

गुरुजी, मुलांना गावच्या तळ्याच्या पाळीवर न्या आणि विचारा : हे कोणी बांधले, कशाच्या बोलीवर? राजाला अधिकार कुठून येतो, हा धडा तिथेच सुरू होईल.