ढिगाऱ्याखालचीं मूत्रपिंडें

२१ सप्टेंबर २०२० रोजीं पहाटे भिवंडींतील पटेल कंपाउंडमधली जिलानी ही ३ मजली इमारत झोंपलेल्या बिऱ्हाडांसह कोसळली आणि सुमारें ४० माणसें दगावलीं. पुढें २९ एप्रिल २०२३ रोजीं जवळच वळपाडा येथें दुसरी इमारत पडली, तेव्हां एक मनुष्य दुसऱ्या दिवशीं जिवंत निघाला. माणूस बाहेर आला म्हणजे संकट टळलें, असें भोंवतालच्या गर्दीस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्याच घटकेपासून त्याच्या मूत्रपिंडांवर दुसरें संकट ओढवूं शकतें, हें वैद्यकाला फार उशिरां उमगलें.

मूत्रपिंडाची इजा म्हटली कीं कुशीवर बसलेला मार डोळ्यांपुढें येतो. त्यांत लघवीवाटे रक्त जातें. तथापि बहुतेकांस सक्तीची विश्रांति व डॉक्टरांची देखरेख पुरते. रक्तस्राव थांबेनाच, तर शस्त्रक्रिया. १८६९ सालीं हायडेलबर्ग येथें गुस्टाव्ह सायमन यांनीं एका स्त्रीचें एक मूत्रपिंड काढूनही तिला वांचविलें, आणि एकावरही माणूस जगतो हें सिद्ध झालें. ढिगाऱ्याखालची इजा मात्र कपटी आहे. तेथें दगड पडतो मांडीवर, आणि बंद पडतें मूत्रपिंड.

१९४० मध्यें लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला. हॅमरस्मिथ इस्पितळांतील एरिक बायवॉटर्स व डेझ्मंड बील यांनीं मार्च १९४१ मध्यें 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें ४ रोग्यांची हकीकत छापली. कित्येक तास दडपून राहिलेलीं हीं माणसें बाहेर काढतांना बरीं दिसत. मग पाय सुजून टणक होई, रक्तदाब उतरे, लघवी तपकिरी होऊन आटत जाई. चौघेही मरण पावले. जर्मन डॉक्टरांनीं पहिल्या महायुद्धांतच असे रोगी पाहून लिहून ठेविलें होतें. पण शत्रूच्या भाषेंतलें तें ज्ञान इंग्लंडांत कोण वाचणार!

कारण असें. चिरडलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नांवाचें तांबूस द्रव्य, आम्लें व पोटॅशियम सुटतात. दडपण असेंतों तीं तेथेंच कोंडलेलीं असतात. दगड उचलतांच रक्तांत शिरतात, आणि उलट रक्तांतलें पाणी सुजणाऱ्या पायांत उतरतें. पोटॅशियमनें हृदय थांबूं शकतें; मायोग्लोबिननें मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका बुजतात. सुटकेचा क्षण तोच घाताचा क्षण.

जर्मनांनीं व्यापलेल्या हॉलंडांत, कांपेन गांवीं, विलेम कोल्फ यांनीं १९४३ मध्यें सॉसेजच्या सेलोफेन नळ्या फिरत्या पिंपाला गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड चालविलें. त्यावर १९४५ सालीं पहिला रोगी वांचला. आजचें डायलिसिस हें त्याचेंच सुधारलेलें रूप होय. नलिका बहुधा कांहीं आठवड्यांत पूर्ववत् होतात. तोंवर रोग्यास तगविणें एवढेंच यंत्राचें काम. १९९९ च्या तुर्कस्तानांतील मार्मारा भूकंपांत मूत्रपिंडें बिघडलेल्या ६३९ रोग्यांपैकीं ४७७ जणांस तें द्यावें लागलें.

यंत्राहून स्वस्त उपाय मात्र एका पडक्या इमारतीनेंच दाखविला. नोव्हेंबर १९८२ मध्यें दक्षिण लेबनॉनमधील टायर येथें ८ मजली इमारत कोसळली. ढिगाऱ्याखालीं असतांनाच ७ जखमींच्या शिरेंतून सलाइन सुरू करण्यांत आलें. पाय मोकळा होण्यापूर्वींच रक्तांत भरपूर पाणी होतें, म्हणून विष पातळ होऊन वाहून गेलें. सातांपैकीं एकाचेंही मूत्रपिंड निकामी झालें नाहीं.

आतां हीच पद्धत सर्वत्र ग्राह्य आहे: पोटॅशियमविरहित सलाइन, प्रौढास प्रारंभीं ताशीं सुमारें १ लिटर, आणि लघवी किती होते व कोणत्या रंगाची, याची टिपणी. जखम वरून किरकोळ दिसली तरी कोणता अवयव किती तास दडपला होता, हें सोबतच्या माणसानें इस्पितळांत पहिल्या प्रथम सांगावयाचें असतें.