उवा : शालेय व कौटुंबिक उपद्रव आणि त्याचा बंदोबस्त

ऊ (अनेकवचन उवा, शास्त्रीय नाव पेडिक्युलस ह्यूमनस कॅपिटिस) हा मनुष्याच्या डोक्यावरील केसांत राहून त्याच्या रक्तावर उपजीविका करणारा, पंखहीन, सहा पायांचा परोपजीवी कीटक होय. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, म्हणजे सुमारे २ ते ३ मिलिमीटर लांबीची असते. तिच्या पायांच्या टोकांस असलेल्या आकड्या केसाच्या जाडीशी इतक्या बरोबर जुळतात की केसावरून ती चपळाईने चालते, परंतु सपाट जागी पडली असता अगदीच पंगू होते. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. कुत्र्यामांजरांच्या अंगावर ती जगत नाही. आणि मनुष्याचे डोके सुटले म्हणजे रक्तावाचून बहुधा एक-दोन दिवसांतच मरते. तिच्या प्रसाराचा आणि बंदोबस्ताचा जवळजवळ सर्व हिशेब या साध्या शरीरधर्मातूनच निघतो. डोक्यास डोके लागूनच ऊ मुख्यतः पसरते, आणि डोक्यास डोके लावून बसणे हा तर बालपणाचा धर्मच आहे.

मादी सुमारे एक महिना जगते व त्या अवधीत रोज सहा ते आठ अंडी घालते. लिखा या नावाने परिचित असलेली ही अंडी केसाच्या मुळाशी, टाळूपासून सहा-सात मिलिमीटरांच्या आत, एका चिकट स्रावाने अशी घट्ट बसविलेली असतात की नुसत्या न्हाण्याने ती सुटत नाहीत. सात ते दहा दिवसांत लीख फुटते, पिल्लू तीन वेळा कात टाकते आणि आणखी नऊ ते बारा दिवसांत स्वतः अंडी घालण्यास समर्थ होते. खाज सुटते ती दंशामुळे नव्हे, तर दंशासमयी त्वचेत शिरणाऱ्या लाळेविषयी शरीरात जी असहिष्णुता उत्पन्न होते तिच्यामुळे. ज्याला पूर्वी कधी उवा झालेल्या नाहीत अशा मुलास पहिली खाज सुटण्यास चार ते सहा आठवडेही लागतात, आणि तोवर त्याच बाकावरच्या दोघातिघांच्या घरी हा उपद्रव बिनबोभाट पोहोचलेला असतो.

ऊ ही अस्वच्छतेची शिक्षा होय, ही समजूत सार्वत्रिक आणि निराधार आहे. नित्य न्हालेल्या केसांतही ती तितक्याच सुखाने नांदते. या गैरसमजाचे एक कारण असे की कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ ही तिची सख्खी बहीण खरोखरच दारिद्र्य, थंडी आणि न बदललेली वस्त्रे यांच्या आश्रयाने वाढते व प्रलापक सन्निपातज्वरासारखे (टायफस) प्राणघातक रोग पसरविते. शार्ल निकोल या फ्रेंच जीवाणुशास्त्रज्ञाने १९०९ साली ट्यूनिस येथे या ज्वराशी तिचा असलेला संबंध सिद्ध केला व त्याबद्दल त्यास १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोक्यावरची ऊ अशा कोणत्याही रोगाची वाहक म्हणून ओळखली जात नाही. तिच्यापासून होणारा उपद्रव म्हणजे खाज, झोपमोड आणि खाजविल्याने झालेल्या जखमा चिघळून क्वचित मानेवर येणारी गाठ, एवढाच. त्याहून मोठा उपद्रव माणसे स्वतः निर्माण करतात, आणि तो लज्जेचा होय.

या लज्जेने शासकीय दफ्तरेही बिघडतात. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली, आणि १९०८ च्या बालकविषयक कायद्याने तर उवांनी ग्रस्त मुलाची सफाई सक्तीने करविण्याचा अधिकार स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांस दिला. वर्षानुवर्षे अहवालांतील आकडे उतरत गेले आणि संबंधितांचे समाधान वाढत गेले. पुढे १९३९ साली बाँबहल्ल्यांच्या भीतीने शहरांतील मुले खेड्यांत हलविली गेली, तेव्हा त्यांच्या डोक्यांतील उवा पाहून यजमान कुटुंबांनी एकच ओरड केली. केनेथ मेलन्बी या कीटकशास्त्रज्ञाने सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांची डोकी पाहून असे दाखविले की उपद्रवाचे खरे प्रमाण शालेय अहवालांतील प्रमाणाहून पुष्कळच अधिक होते. तपासणीचा दिवस आगाऊ कळला म्हणजे आई आदल्या रात्री फणी घेऊन बसते. तिला दोष कोण देणार?

आपल्याकडील जुन्या वाङ्मयातही उवेची नोंद आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात बाह्य मलापासून उद्भवणाऱ्या कृमींत यूकेची, म्हणजे उवेची, गणना केली आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या मापनकोष्टकात लिक्षा (लीख) आणि यूका ही लांबीची सूक्ष्म परिमाणे आहेत. मेरुतुंग या जैन ग्रंथकाराच्या प्रबंधचिंतामणीत तर अशी कथा येते की गुजरातच्या कुमारपाल राजाच्या कारकीर्दीत एका धनिकाने ऊ चिरडली, तेव्हा अहिंसेचा हुकूम मोडल्याच्या सबबीवर त्याची मालमत्ता जप्त होऊन तिच्यातून ‘यूकाविहार’ नावाचे मंदिर उभारण्यात आले. दुपारच्या उन्हात नातीचे डोके मांडीवर घेऊन दोन अंगठ्यांच्या नखांत कटकट आवाज करीत बसणाऱ्या मराठी आजीस ही शिक्षा कळली असती, तर ती फारशी विचलित झाली असती असे वाटत नाही.

उपायांत फणीचा मान पहिला. इस्राएलमधील लाखीश येथील उत्खननात मिळालेल्या, इसवी सनापूर्वी सुमारे १७०० च्या हस्तिदंती फणीवर सतरा अक्षरांचा कनानी लेख असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. केसांतील व दाढीतील उवा या दाताने निपटून निघाव्यात, अशा आशयाचे ते मागणे आहे. आधुनिक पद्धतीत ओल्या केसांना कंडिशनर वा तेल चोपडून, बारीक दात्यांची फणी मुळापासून टोकापर्यंत बट-बट करून फिरवितात, दर वेळी ती पांढऱ्या कागदावर पुसून पाहतात, आणि हा क्रम दर तीन-चार दिवसांनी निदान दोन आठवडे चालवितात, जेणेकरून मागाहून फुटलेली पिल्ले अंडी घालण्यापूर्वीच सापडावीत. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत अशा विंचरण्याने ५७ टक्के मुले मुक्त झाली, तर दुकानात मिळणाऱ्या एकवार लावावयाच्या कीटकनाशकांनी केवळ १३ टक्के. एक टक्का परमेथ्रिनचे द्रव औषध दहा मिनिटे लावून धुवावे आणि ते लिखांस पुरते मारीत नसल्यामुळे सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावे, असा प्रघात आहे. मात्र अनेक देशांतील उवा त्यास आता दाद देत नाहीत. डायमेथिकोन हे सिलिकोनवर्गीय द्रव्य विषाने नव्हे, तर उवेवर आवरण चढवून तिला मारते.

घरगुती उपायांपैकी काहींविषयी मात्र सक्त ताकीद देणे प्राप्त आहे. सीताफळाच्या बियांची पूड ऊ मारते हे खरे, परंतु तिचा कण डोळ्यांत गेला असता बुबुळास तीव्र इजा होते. खोबरेल तेलात कालवलेला कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, आणि रॉकेलाने तर टाळू भाजते व चुलीजवळ जीवच धोक्यात येतो. नुसते खोबरेल तेल निरुपद्रवी आहे. त्याने ऊ सुस्तावते आणि फणी सुरळीत चालते, म्हणून त्याचा उपयोग फणीबरोबरच.

कुटुंबात तपासणी सर्वांची व्हावी आणि ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्यांचा उपचार एकाच दिवशी व्हावा. एकीचे डोके आज आणि दुसरीचे पुढच्या रविवारी, अशा हप्त्याहप्त्याने केलेल्या कामाचा काही उपयोग होत नाही. वसतिगृहे व आश्रमशाळा यांत हे तत्त्व विशेषच लागू आहे, कारण तेथे शंभर मुली एका छताखाली निजतात. उशीचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुतले म्हणजे पुरे. घरभर औषध फवारण्याचे प्रयोजन नाही. शाळेविषयी बोलावयाचे तर, उवा सापडलेल्या मुलास घरी पाठविण्याची किंवा शेवटची लीख निघेपर्यंत वर्गात मज्जाव करण्याची जुनी वहिवाट अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्याज्य ठरविली आहे, कारण तिच्यामुळे शिक्षण बुडते, उवा मात्र थांबत नाहीत. मुख्याध्यापकांनी नाव न घेता त्या वर्गाच्या सर्व पालकांस एकच चिठ्ठी पाठवावी आणि मुलीचे केस शाळेत कापण्याचा उपद्व्याप कोणीही करू नये. उपचारानंतर टाळूपासून बोटभर दूर केसास चिकटलेल्या लिखा म्हणजे बहुधा रिकामी कवचे असतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्याबरोबर त्या वर सरकलेल्या असतात, आणि त्यांच्यासाठी पुन्हा औषध लावण्याचे कारण नसते.