श्रेयनामावलीतले गदिमा

सहा खुनी कैदी, त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर आणि नांगराची वाट बघणारी उजाड जमीन. एवढ्याच ऐवजावर उभ्या असलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ला १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. त्याआधी देशात राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही या चित्रपटाला मिळालं होतं. पडद्यावर जेलर आदिनाथ झालेले आणि कॅमेऱ्यामागेही असलेले व्ही. शांताराम जगभर नावाजले गेले, ते योग्यच होतं. पण आदिनाथ, कैद्यांच्या भाजीवर चिडणारे बाजारातले व्यापारी आणि शेवटचा बैलांचा हल्ला ही सगळी रचना ज्यांची, त्या ग. दि. माडगूळकरांचं नाव मराठी माणूस ‘गीतरामायणा’साठी घेतो. या चित्रपटासाठी ते क्वचितच घेतलं जातं.

गदिमांनी दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांसाठी कथा, पटकथा, संवाद किंवा गीते यांपैकी काही ना काही लिहिलं. अनेकदा चारही. त्यांचं घर या लेखनावर चाललं. कविता पुस्तकात राहते, गाणं रेकॉर्डवर आणि ओठांवर राहतं, पटकथेला मात्र चित्रीकरण संपलं की कोणी विचारत नाही. ती छापली जात नसे, बाडं जपलीही जात नसत. गदिमांच्या कीर्तीतला सर्वांत मोठा खड्डा या एका कारणाने पडला आहे, आणि मराठी पटकथेचा इतिहास लिहायला बसलं की तो पावलोपावली जाणवतो.

‘दो आँखें’चं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. १ ऑक्टोबर १९१९ला शेटफळे गावी जन्मलेल्या गजानन दिगंबर माडगूळकरांचं बालपण माणदेशात गेलं. वडील औंध संस्थानच्या नोकरीत, त्यामुळे आटपाडी, कुंडल, औंध अशी बिऱ्हाडं आणि शाळा बदलत गेल्या. संस्थान अवघ्या बहात्तर गावांचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते, स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. तिथे गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंती आणि बेड्यांवाचून ठेवून शेती करायला लावलं. पळून जायला वाट मोकळी होती आणि थांबायला फक्त दिलेला शब्द होता. गदिमांच्या पटकथेतला ताण नेमका हाच आहे. कैदी पळतील का, या प्रश्नावर ते एकामागून एक प्रसंग रचतात आणि उत्तर दर वेळी कैद्यांच्या मनात शोधतात. आपल्या मुलखातली एक प्रशासकीय घटना त्यांनी जगाला कळेल अशा गोष्टीत बसवली.

हे कसब त्यांनी शाळेत मिळवलं नव्हतं. मॅट्रिकच्या परीक्षेत गणिताने अडवलं आणि घरच्या ओढगस्तीने त्यांना कोल्हापूरच्या वाटेला लावलं. १९३०च्या दशकातलं कोल्हापूर म्हणजे मराठी चित्रपटाचं माहेर. मास्टर विनायक आणि बाबूराव पेंढारकर यांच्या हंस पिक्चर्समध्ये वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे यांच्यासारखे नामांकित साहित्यिक पडद्यासाठी लिहीत होते. अत्र्यांच्या ‘ब्रह्मचारी’त, १९३८ साली, गदिमांनी छोटीशी भूमिका केली. पुढे खांडेकरांचे लेखनिक म्हणूनही काम केलं. खांडेकर सांगत आणि हा तरुण उतरवून घेई. वाक्य कुठे तुटतं, पात्राच्या तोंडी कुठला शब्द शोभत नाही, प्रसंग कुठे लांबतो हे कानांनी आणि बोटांनी शिकण्याची याहून चांगली जागा त्या काळी नव्हती. पटकथालेखन शिकवणारी संस्था तेव्हा देशात नव्हतीच. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आली ती १९६० साली, तोवर गदिमांचं बरंचसं काम होऊन गेलं होतं.

गीतकार म्हणून ते १९४२च्या सुमारास पुढे आले. चित्रपट-लेखक म्हणून त्यांचा खरा जम बसला ‘रामजोशी’ने. शांतारामांच्या राजकमलचा हा चित्रपट १९४७चा. पेशवाईतला एक विद्वान ब्राह्मण शाहीर होतो, तमाशाच्या फडात उभा राहतो आणि जातीबाहेर पडतो. अशा कथेत गाणं मध्येच घुसवलेलं चालत नाही, त्यातून गोष्ट पुढे सरकली पाहिजे. लावणीची झटापट हाच इथे संवाद होता, आणि कथा व गाणी एकाच माणसाच्या हाती असल्याने तो साधला. शिवाय चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. प्रसंगाचा जोर केवळ शब्दांवर टाकून भागणार नव्हतं, तो कृतीत उतरायला हवा होता. दहा वर्षांनी ‘दो आँखें’ लिहिताना ही सवय त्यांच्या कामी आली असणार.

मधल्या काळात धंद्याचं रूपच पालटलं. पगारी नट, पगारी लेखक आणि स्वतःचा स्टुडिओ असलेल्या कंपन्या दुसऱ्या महायुद्धानंतर मोडत गेल्या. गांधीहत्येनंतरच्या १९४८च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओची राख झाली. प्रभात १९५३ साली बंद पडली. आता निर्माता एका चित्रपटापुरता पैसा उभा करी आणि लेखकाला त्या चित्रपटापुरता बांधून घेई. हाती पैसा बेताचा, सेट दोन-तीन, आणि समोर हिंदीची रंगीत स्पर्धा. अशा दिवसांत मराठी चित्रपट तगला तो मुख्यतः लिखाणाच्या बळावर, असं म्हणायला भरपूर आधार आहे.

दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि लेखक माडगूळकर या तिघांचं काम त्याची साक्ष देतं. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) उभी आहे एका अटीवर. लाख रुपये ठरलेल्या मुदतीत खर्च करून दाखवायचे. सामान्य माणसाला महिन्याचा खर्च भागवताना नाकी नऊ येत असताना, पैसा संपता संपत नाही ही अडचण प्रेक्षकाला खळखळून हसवून गेली. दोनच वर्षांनी आलेल्या ‘ऊन पाऊस’ची जात अगदी वेगळी. निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी म्हातारपणी मुलांच्या संसारांत वाटले जातात. खलनायक कोणी नाही, प्रत्येक मुलाची काही ना काही अडचण आहे, आणि तरीही आई-वडिलांची ताटातूट थांबत नाही. घरातल्या माणसांना दोषी न ठरवता दुःख दाखवणं फार अवघड असतं, आणि मराठी कौटुंबिक चित्रपटाला ते पुढे क्वचितच जमलं. ‘प्रपंच’ (१९६१) मात्र परांजप्यांच्या दिग्दर्शनाबाहेरचा, कुंभाराच्या घरातला. पोरांचं लटांबर आणि तोकडी कमाई, म्हणजे कुटुंबनियोजनाचा विषय. प्रचारपट होण्याचा धोका उघड होता, पण चाकावर बसलेल्या माणसाचं कष्टाचं जगणं गदिमांनी आधी उभं केलं आणि उपदेश त्याच्या मागे ठेवला. हीच कथा त्यांच्या ‘आकाशाची फळे’ या कादंबरीतही आहे.

‘गीतरामायण’सुद्धा या अंगाने पाहण्यासारखं आहे. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं सादर झाली. सुरुवात होते रामाच्या दरबारात. कुश आणि लव रामासमोरच रामाची कथा गातात, म्हणजे सगळी हकिगत आपण मागे वळून पाहतो. चित्रपटवाले ज्याला फ्लॅशबॅक म्हणतात तो हाच. पुढे गीत कधी दशरथाच्या तोंडी, कधी सीतेच्या, कधी आणखी कुणाच्या. प्रत्येक गीत हा एक प्रसंग आहे, त्याला जागा आहे, वेळ आहे आणि बोलणाऱ्याच्या मनात काहीतरी चाललेलं आहे. दर आठवड्याच्या मुदतीवर इतकी बांधीव रचना करता आली, यामागे स्टुडिओत घासलेला हात होता असं ठामपणे वाटतं. कवी गदिमा आणि पटकथाकार गदिमा यांच्यात भिंत घालणाऱ्यांनी या रचनेकडे पुन्हा पाहावं.

माडगूळकरांच्या घरातलं आणखी एक अपत्यही या धंद्यात उतरलं. धाकटे बंधू व्यंकटेश हे ‘बनगरवाडी’चे लेखक. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ची (१९५९) पटकथा आणि संवाद त्यांचे, तर गीतं थोरल्या भावाची. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला आणि तमाशापटांची लाट उसळली. त्याच वर्षी शांतारामांचा ‘नवरंग’ आला. आपल्याच बायकोत स्वप्नसुंदरी पाहणाऱ्या कवीच्या या चित्रपटाच्या लेखनातही गदिमांचा हात होता.

मानसन्मान आले. १९६२ ते १९७४ विधान परिषदेचं सदस्यत्व, १९६९ला पद्मश्री, १९७३ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. पण तोवर पडद्याचं लेखन वाटलं जाऊ लागलं होतं. शांतारामांच्या ‘पिंजरा’त (१९७२) संवाद शंकर पाटलांचे होते आणि गीतं जगदीश खेबुडकरांची. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि लेखकाला आणखी एक पडदा मिळाला. मग १९७५ साली जब्बार पटेलांचा ‘सामना’ आला. त्याचे लेखक विजय तेंडुलकर पुढे ‘मंथन’, ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ लिहून हिंदीत पटकथाकार म्हणूनच ओळखले गेले, आणि मालिकांसाठीही त्यांनी लिहिलं. पटकथा हे स्वतंत्र लेखन आहे हे मराठी समीक्षेने तेंडुलकरांच्या बाबतीत मानलं. १४ डिसेंबर १९७७ला पुण्यात गदिमा गेले, तेव्हा ‘सामना’ बर्लिनच्या स्पर्धेत जाऊन आल्याला दोन वर्षं झाली होती. त्याच महोत्सवात माणदेशातल्या एका गोष्टीने १९५८ साली मिळवलेलं यश तेव्हाही शांतारामांच्याच नावावर मांडलं जात होतं.